दीड लाखात जुनी गाडी : चिपळूण-कराड फेऱ्यांसाठी कोणती घ्यावी?

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज विचारायची वेळ आली. आईला दर महिन्याला कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, कधी दोनदाही. एसटीत कुंभार्ली घाट तिला सोसत नाही आणि दर खेपेला भाड्याची गाडी परवडत नाही. हप्त्याच्या भानगडीत पडायचं नाहीये. हातात दीड लाख आहेत, त्यातच सगळं बसवायचंय. गाडी मला चालवता येते, घाटातसुद्धा. बॉनेटखालचं मात्र ओ की ठो कळत नाही.

तीन गाड्या नजरेत आहेत:

१) अल्टो एलएक्सआय, २०११, एमएच ०८. एकच मालक, ५२ हजार किमी. मालक वारले, मुलगा विकतोय. मागणी १,०५,०००.
२) वॅगन आर, २०१२, एमएच ०९. तिसरा मालक, एजंटकडे उभी आहे. आतून चकाचक. १,४०,०००.
३) इंडिका डिझेल, २००९. ७०,०००. भाऊ म्हणतो हीच घे, पिकअप भारी आहे.

काय बघू, कुणाला दाखवू?

सातारी_ठसका | सोमवार, रात्री १०:१५

तीन नंबर आत्ताच खोडा. २००९ ची म्हणजे पंधरा वर्षं कधीच उलटली. फेरनोंदणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर ७० हजार देऊन लोखंड घरी आणाल. शिवाय तुमचं चालवणं महिन्याला फार तर चार-पाचशे किलोमीटर, त्यात डिझेलचा हिशोब कुठे बसतो? पिकअप हवाय तर भाऊरायांनीच घ्यावी.

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री १०:२२

भाऊ शेजारी बसून हे वाचतोय :)

निवृत्त_लेखनिक | मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, गाडी बघायला जाण्याआधी कागद बघा. गाडीतला दोष पैसे टाकून निघतो, कागदातला दोष पैसे टाकूनही निघत नाही.

अल्टोचे मालक वारले आहेत. म्हणजे मुलगा आज कायद्याने मालक नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर चढली पाहिजे. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र वगैरे लागतं. ते झालं की मुलगा तुमच्या नावाने फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे) सही करणार. "बाबांनी आधीच सही करून ठेवलेला फॉर्म आहे" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठा. मुलगा सज्जन असेलही, पण उद्या बहिणीने हरकत घेतली तर गाडी तुमच्या दारात आणि तुम्ही कोर्टाच्या दारात.

दुसरं. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं, असं कलम ५० सांगतं. दोघंही आळस करतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताच्या भरपाईत नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक धरायचा. हे त्या मुलालाही ऐकवा, आपोआप घाई करेल.

तिसरं, आणि हे तुमच्या सौद्याच्या कामाचं. २०११ ची गाडी म्हणजे पासिंग, म्हणजे फेरनोंदणी, तोंडावर. आरसीवर नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते बघा. पंधरा वर्षांनंतर फॉर्म २५ भरून, गाडी नेऊन दाखवून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ घ्यावी लागते. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ५००० रुपये आहे (वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ मध्ये दहा हजार केली). शिवाय पर्यावरण कर वेगळा. आपल्याकडे वयावरून सरसकट बंदी नाही, गाडी ठाकठीक असेल तर पासिंग होतं. पण हा सगळा खर्च तुमच्या माथी येणार, म्हणून तो किमतीतून वळता करा.

परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बाकी चलनं, बँकेचा बोजा आणि विमा तपासा. कर्ज फिटलं तरी आरसीवर बोजा तसाच राहिलेल्या गाड्या मी नोकरीत ढिगाने पाहिल्या. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) नसेल तर नाव चढणार नाही.

पंचगंगेचा_पाहुणा | मंगळवार, सकाळी ९:४०

दोन नंबरबद्दल बोलतो. मी कोल्हापूरचाच, तेव्हा आमच्या एमएच ०९ पासिंगला नावं ठेवत नाही. पण २०१२ ची गाडी, तिसरा मालक, एजंट, आणि आतून चकाचक? या वयाची गाडी आतून थोडी मळलेली असलेली बरी. आमच्याकडे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन महापूर झाले. चिपळूणचा २२ जुलै २०२१ तुम्हाला मी काय सांगू. पुरात बुडालेली गाडी धुऊन, सीट कव्हर चढवून दुसऱ्या जिल्ह्यात खपवणं हा धंदा आहे.

असं करा. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी अडेपर्यंत बाहेर ओढा. वरचा हातभर सगळे धुतात, आत गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही. तिथे मातकट आडवी रेघ दिसली की पाणी कुठवर चढलं होतं ते कळलं. मग सीट पुढे सरकवून खालच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा, स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात हात फिरवा, आणि पायाखालचं कार्पेट उचलून त्याच्या फोमचा वास घ्या. गाडीत सुगंधी डबी टांगली असेल तर आधी ती बाहेर ठेवा आणि काचा बंद करून पाच मिनिटं बसा.

चिंचपेटी | मंगळवार, सकाळी १०:१०

डबीवरून आठवलं, आमच्या इथे एकाने गाडी विकताना आत कॉफीची पूड ठेवली होती. बघायला आलेली बाई म्हणाली गाडीत काय मस्त वास येतोय, आणि घेतली!

पाना_नंबर_१४ | मंगळवार, दुपारी २:३०

कराडला गॅरेजात असतो. रोज हेच काम.

मॉडेलचं आधी सांगतो. स्वस्तातली जुनी गाडी घेताना "ही माझ्या गावात दुरुस्त कोण करतो" हा पहिला प्रश्न. अल्टो आणि वॅगन आर दोन्हीचं सामान पाटणच्या स्टँडवरही मिळेल. सँट्रोही वाईट नाही, पण ती १०८६ सीसीची, थर्ड पार्टी विम्याला (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा) ३४१६ लागतात. हजार सीसीच्या आतल्या अल्टो-वॅगन आरला २०९४. वर जीएसटी. फार फरक नाही, तरी दर वर्षीचा आहे.

फरक इंजिनात. झडपांची उघडमीट सांभाळायला २०१२ च्या वॅगन आरला टायमिंग चेन आहे, अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट. बेल्ट रबरी असतो, किलोमीटरने झिजतो आणि नुसत्या वयानेही जातो. "५२ हजारच चाललीय, बेल्टला काय झालंय" असं मालक म्हणतो. २०११ चा बेल्ट असेल तर तो बदलायचाच, मग गाडी चालो न चालो. घाटात तुटला तर गाडी जागेवर, वर झडपा वाकल्या तर हेड उतरवायचं काम.

बघायला सकाळी जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवलंय, परत येते म्हणावं. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला उचलली पाहिजे. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, पिवळट-पांढरी साय धरली असेल तर पाणी ऑइलात मिसळत असू शकतं. इंजिन चालू असताना झाकण सैल करून वर ठेवा. नुसतं थरथरलं तर चालेल, धुराचा भपका मारून उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिन (इंजिन उघडून रिंगा बदलणं) करावं लागेल.

घाट तुमच्या हाताशी आहे त्याचा फायदा घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये पाय सोडून उतार उतरा आणि खाली आल्यावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबा. मागे बसलेल्याने काचेतून बघायचं. निळसर धुराचा लोट आला तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. सील गेले म्हणून गाडी टाकाऊ नाही, पण भावात धरायचं. चढावर चौथा टाकून दाबा. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट बदलायला आली.

अपघात झालाय का हे रंगावरून शोधत बसू नका, पेंटर लोक हुशार असतात. दाराचं रबर हाताने ओढून काढा, खालच्या पत्र्यावर वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ते गायब असतील किंवा वेडेवाकडे असतील तर पत्रा बदललाय. बॉनेट उघडून दोन्ही बाजूचे अ‍ॅप्रन बघा, शॉकअप जिथे बसतात तिथे.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे खूप आभार. आज भावाला घेऊन दोन्ही बघून आले.

वॅगन आरचा सीटबेल्ट ओढायला लागले तर एजंट म्हणाला, "मॅडम, तो जाम आहे, जोर लावू नका." भावाने लावला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची रेघ, आणि तिच्याखालचा पट्टा पापडासारखा कडक. डिकीतल्या खळग्यात बोटाला बारीक रेती लागली. एजंटला विचारलं तर "कोकणात गाडी म्हटल्यावर पाणी लागणारच हो." पासिंग कोल्हापूरचं आणि पाणी कोकणातलं! आम्ही निघालो.

अल्टो वेगळीच निघाली. मुलगा अगदी साधा. वडील गेल्यापासून, म्हणजे दोनेक वर्षं, गाडी फणसाखाली ताडपत्री घालून उभी. सर्व्हिसच्या पावत्या वडिलांनी सन २०११ पासून फाइलला लावून ठेवल्यात, किलोमीटरचा हिशोब जुळतो. बॅटरी मेलेली, शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून चालू केली. चालू लगेच झाली, धूर नाही. पण ब्रेक चिकटल्यासारखे वाटले आणि एसी चालू केल्यावर आतून पाचोळा उडाला. टायरवर नक्षी भरपूर आहे. नोंदणी नोव्हेंबर २०२६ पर्यंत. वारसाच्या नावावर चढवून देतो म्हणाला.

ड्रायव्हर सीटखाली पत्र्याला तांबूस फुगवटे आहेत, बोटाने दाबले तर आत जात नाहीत.

फोंडेकर | रविवार, दुपारी ३:००

बोट आत जात नाही हीच मोठी गोष्ट. गोव्यात काय, कोकणात काय, गाडीचं इंजिन शेवटी मरतं, पत्रा आधी. तो गंज तारेच्या ब्रशने घासून, रेड ऑक्साइड मारून, मग रंग. नुसतं वरून काळं अंडरकोटिंग मारून घेऊ नका. गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आतल्या आत खातो, वरून सगळं गुळगुळीत दिसतं.

एसीतून पाचोळा उडाला याचा अर्थ वायपरखालची जाळी पानांनी भरलीय. तिथून पाणी जायला वाट असते, ती तुंबली की पाणी ड्रायव्हरच्या पायात उतरतं. सीटखालचा गंज तिथूनच आला असणार. सायकलची तार घेऊन ती भोकं मोकळी करा, आणि दारांच्या खालच्या कडेची भोकंही. दर पावसाळ्याआधी.

पाना_नंबर_१४ | रविवार, रात्री ९:२०

कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हे लोकांच्या डोक्यातून काढायला पाहिजे. दोन वर्षं उभी राहिलेली ५२ हजारांची गाडी आणि रोज चालणारी ९० हजारांची, मी दुसरी आधी बघेन. तरीही तुमची अल्टो घ्या म्हणतो, कारण फाइल आहे आणि माणूस खरा वाटतोय. खर्च मात्र आधी मोजा.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २२१७ म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. नक्षीकडे बघू नका, तो आकडा बघा. सहा-सात वर्षांवरचा टायर घाटात नको. चार टायर बारा-तेरा हजार. बॅटरी चारच्या आसपास. टायमिंग बेल्ट, त्याची पुली, आणि तेवढं उघडलंय तर वॉटर पंपही, मजुरीसकट चार-पाच. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, फिल्टर बदला. ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं नवीन. मागचे ब्रेक ड्रम उघडून व्हील सिलिंडर बघायला लावा, उभ्या गाडीत तेच चिकटतात. आणि बॉनेटखालच्या वायरी एकेक हाताळून बघा, दोन वर्षांत उंदरांनी काही सोडलं असेल तर नशीब.

सगळं धरून तीस हजार बाजूला ठेवा, पासिंग वेगळं. म्हणजे गाडी ऐंशीच्या आत मिळाली तरच घ्या.

इंधनपुराण | रविवार, रात्री १०:०५

आणि ई-२० चं काय? २०११ ची गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेलीच नाही. पाइप खाऊन टाकेल. कुणी बोलत नाही यावर.

सातारी_ठसका | रविवार, रात्री १०:१२

सगळे त्यावरच बोलतायत, दुसरं काय चाललंय. पंपावर तेच मिळणार, ताई काय विहिरीतून पेट्रोल काढणार का?

पाना_नंबर_१४ | रविवार, रात्री १०:४०

भांडू नका. अ‍ॅव्हरेज थोडं पडतं हे खरं. जुन्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, त्या तशाही पंधरा वर्षांच्या झाल्यात, बदलून घ्या, काही शे रुपयांचं काम. गाडीत पेट्रोल महिनोन्महिने साठवू नका, इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि कोकणात ओलीला तोटा नाही. आठवड्यातून एकदा तरी गाडी गरम होईपर्यंत फिरवा. नुसतं दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून काही होत नाही.

अबोली_वाचक | सोमवार, सकाळी ८:३०

पूर्ण विम्याचं कुणी बोललं नाही. ऐंशी हजारांच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी पुरे ना?

निवृत्त_लेखनिक | सोमवार, सकाळी ९:१५

इतरत्र हो म्हणालो असतो. चिपळूणला नाही. पुराचं पाणी थर्ड पार्टीत येत नाही. गाडी कुठे उभी राहते ते बघून ताईंनी ठरवावं. नदीच्या बाजूला असेल तर पूर्ण विमा घ्यावा. एवढ्या जुन्या गाडीला काही कंपन्या आढेवेढे घेतात, दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि पाणी चढलेल्या गाडीला कुणीही आलं तरी सेल्फ मारू देऊ नका. इंजिनात पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग विमावाले तुमच्याकडेच बोट दाखवतात.

आधीच्या मालकांच्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. एजंट उलट सांगतात. फास्टॅग लावलेला असेल तर जुना बंद करायला सांगा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागणार, अधिकृत दर ७४५ रुपये अधिक जीएसटी, त्यावर कुणी मागितले तर देऊ नका.

वाशिष्ठीकाठ | दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:४५

ठरलं. ७८ हजारांना. मी टायरचा शिक्का (४०१६!), बेल्ट आणि पासिंग कागदावर लिहून नेलं होतं, मुलाने फार घासाघीस केली नाही. वारसाचा अर्ज त्याने टाकलाय. त्याच्या नावावर आरसी आली की उरलेले पैसे द्यायचे, तोवर गाडी त्याच्याच अंगणात. दहा हजार इसार दिलाय आणि गाडीचा नंबर, चेसिस नंबर, रक्कम लिहून दोघांच्या सह्या घेतल्यात.

एक शंका. त्याच्या ओळखीच्या फिटरने गाडी तपासली आणि म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकतो, घाटात गाडी तापणार नाही. काढू देऊ का?

पाना_नंबर_१४ | शनिवार, रात्री ९:०५

अजिबात नको!! हे खूळ कुठून आलं कळत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवणारी झडप. ती काढली की इंजिन कधी नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि रिंगा लवकर झिजतात. घाटात गाडी तापत असेल तर रेडिएटर तुंबलाय, पंखा उशिरा लागतोय किंवा कोणीतरी कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलंय. जे असेल ते शोधायचं. चालवताना तापमानाचा काटा निम्म्याच्या जरा खाली स्थिर राहिला पाहिजे. उतारावर काटा तळाला जाऊन बसला तर आधीच कुणीतरी थर्मोस्टॅट काढलाय किंवा तो उघडाच अडकलाय, मग नवीन टाका, महाग नसतो.

घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा, सारखा ब्रेक दाबून नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलत जा. जुन्या ऑइलात ओल शिरलेली असते, ते उकळलं की पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जातो. पेट्रोल नळ्या आणि बेल्ट झाल्याशिवाय आईंना घेऊन घाट चढू नका, तोवर गावातल्या गावात फिरवा.

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ९:३०

नाही काढू देत. बेल्टचं काम तुमच्याकडेच केलं असतं, पण गाडी घाट चढवून आणायची कशी?

पाना_नंबर_१४ | शनिवार, रात्री ९:४१

चिपळुणातच करून घ्या, बेल्ट अल्टोचा आहे, जहाजाचा नाही. फक्त समोर उभं राहून करून घ्या, बेल्ट आणि पुली दोन्हीची खोकी समोर उघडायला लावा आणि जुना बेल्ट घरी आणा. जुना हातात घेऊन उलटा वाकवला की दातांच्या मुळाशी तडे दिसतील, भाऊरायांना दाखवा.

सातारी_ठसका | शनिवार, रात्री ९:५०

त्या इंडिकाचं काय झालं मग?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ९:५८

भाऊ उद्या पुन्हा बघायला जाणार आहे. फेरनोंदणी झालेली नाहीये असं कळलंय, तरी जाणार आहे.